पायरी कुठे गेली?

"जुन्या गाड्यांमध्ये असा वेळ जात नसे." शेजारच्या सीटवरचे गृहस्थ हे मला उद्देशून म्हणाले की स्वतःशीच, ते कळलं नाही. टोरांटोच्या जेरार्ड स्ट्रीटवर आमची ५०६ नंबरची स्ट्रीटकार, म्हणजे इथली ट्राम, थांबली होती. फेब्रुवारी संपत आलेला, रस्त्याच्या कडेला बर्फाचे करडे ढिगारे, आणि गाडीच्या दुसऱ्या दारातून फळी बाहेर सरकत होती. ती सरकताना बारीक पीं पीं वाजत राहतं. बाहेर व्हीलचेअरवर एक बाई, मांडीवर वाणसामानाची पिशवी, पिशवीच्या तोंडाशी कोथिंबिरीची जुडी. थंडीने पानं काळी पडू नयेत म्हणून तिने हातमोजा घातलेला तळवा जुडीवर धरला होता. फळी रस्त्याला टेकली, खुर्चीची चाकं ओल्या बर्फात एकदा घसरली, मग वर आली. आम्ही दोघं घडीच्या सीटवर होतो. गृहस्थ माझ्याआधी उठले, सीट वर दुमडली, बाईंना जागा करून दिली, त्यांच्या 'थँक्यू'ला मान डोलावली आणि दांड्याला धरून उभे राहिले. म्हणजे माणूस तुसडा नव्हता. फळी आत गेली, पीं पीं थांबलं, गाडी सुटली. सगळं मिळून दोनेक मिनिटं गेली असतील.

ते वाक्य मात्र माझ्याबरोबर घरी आलं. भांडी घासताना, रात्री पडल्यावर, मधूनच आठवायचं. ते वाक्य दुष्ट असतं तर बरं झालं असतं. मनातल्या मनात दोन शब्द सुनावून मी मोकळी झाले असते. पण ते खरं होतं. जुन्या स्ट्रीटकारमध्ये खरोखरच असा वेळ जात नसे. फळी नव्हतीच. दारात उंच पायऱ्या होत्या. ज्याला चढता येत तो चढायचा. ज्याला येत नसे तो थांब्यावर उभा राहून गाडी खोळंबून ठेवत नव्हता, कारण तो थांब्यावर यायचाच नाही. घरी बसायचा. वेळापत्रकाला त्याची काही झळ लागत नव्हती.

हिशेब चोख होता.

मी टोरांटोत आले तेव्हा सगळीकडे त्या जुन्याच गाड्या होत्या. १९७९ साली रस्त्यावर आलेल्या, लाल-पांढऱ्या, पुढे मधोमध एकच गोल दिवा. मला त्या आवडायच्या, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. पहिल्या हिवाळ्यात त्यांच्यात शिरलं की ओल्या लोकरीचा वास यायचा. जमिनीवर वितळलेल्या बर्फाचं आणि मिठाचं पाणी इकडून तिकडे वाहत असायचं, आणि सीटखालून येणाऱ्या गरम हवेने पोटऱ्या भाजायच्या पण बोटं गारठलेलीच राहायची. पार्लमेंट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर गाडी वळायची तेव्हा चाकं अशी किंचाळायची की फोनवर बोलणारे आपोआप थांबायचे आणि वळण संपलं की वाक्याचा उरलेला अर्धा भाग बोलायचे. पुढच्या दारातून चढायचं, पैसे डब्यात टाकायचे, चालकाने फाडून दिलेला ट्रान्स्फरचा, म्हणजे गाडी बदलताना दाखवायचा, कागद खिशात ठेवायचा. मागच्या दाराशी खालच्या पायरीवर पाऊल ठेवलं की दार उघडायचं, नवखा माणूस वरच उभा राहून दार का उघडत नाही म्हणून कावराबावरा व्हायचा, आणि मागून दोनतीन जण एकदम ओरडायचे, "खाली उतरा, खाली!" मुंबईच्या बसमध्ये "चला, पुढे सरका" ऐकत मोठी झालेल्या मला परक्या शहरात हे ओरडणं फार ओळखीचं वाटलं होतं.

आई पहिल्यांदा इकडे आली तीही त्याच गाड्यांच्या काळात. परळची बाई; लोकलला लटकून नोकरी केलेली, चार चार मजले पाण्याच्या कळश्या चढवलेली. पण एव्हाना तिचे गुडघे गेले होते. स्ट्रीटकार टोरांटोत बऱ्याच ठिकाणी रस्त्याच्या मधोमध थांबते. फूटपाथवरून उतरायचं, मागच्या मोटारी थांबल्यात का बघायचं, एक लेन ओलांडायची आणि थेट डांबरावरून गाडीत चढायचं. फूटपाथची जी काही चार-सहा इंच उंची असते तीही हाताशी नाही. डांबरापासून पहिलीच पायरी इतकी वर की आईला साडीच्या निऱ्या एका हाताने उचलून, दुसऱ्या हाताने दांडा धरून, एक पाय वर टाकून मग दुसऱ्याची वाट बघावी लागे. या दुसऱ्या पायाच्या वेळी हमखास कुणीतरी मदतीला यायचं. मागून कोपराखाली हात, पुढून कुणी दंड धरलेला. कॅनडातली माणसं या बाबतीत खरंच भली. आणि आईला नेमकं तेच सहन होत नसे. आत बसल्यावर पदर नीट करत ती दबक्या आवाजात म्हणायची, "मला काय बटाट्याचं पोतं समजले का गं हे?"

मी हसायचे. तीही हसायची. पण हळूहळू तिचं बाहेर पडणं कमी झालं. तसं ती म्हणाली कधीच नाही. 'आज नको, वारा आहे', 'आज नको, पोळ्या करून ठेवते'. जुलै महिन्यात, उन्हाने पडदे तापलेले असताना, वारा आहे. आमच्या घरापासून जेरार्डचा इंडिया बाझार म्हणजे थोडेच थांबे. तिथे उन्हाळ्यात फूटपाथवर शेगडी मांडून मक्याची कणसं भाजतात, लिंबू-तिखट चोळून देतात. साड्यांची दुकानं आहेत, पानवाला आहे. १९७२ साली तिथे नाझ नावाचं थिएटर सुरू झालं, फक्त हिंदी वगैरे आपल्याकडचे सिनेमे दाखवणारं, आणि त्याच्या आजूबाजूला हा सगळा बाजार उभा राहिला. आता थिएटर नाही, बाजार आहे. आईला कणसाचा वास फार आवडायचा. मी तिला टॅक्सीने नेलं की ती मीटरकडे बघत राहायची आणि उतरताना म्हणायची, "एवढ्यात मुंबईत महिन्याचा भाजीपाला आला असता." त्यानंतर कणीस तिला गोड लागत नसे.

नव्या गाड्यांची बातमी तेव्हा पेपरात सारखी असायची, बहुतेक वेळा उशिराची. शहराने २००९ साली बोम्बार्डिए कंपनीकडे २०४ लो-फ्लोअर, म्हणजे दारात पायऱ्या नसलेल्या, गाड्या मागवल्या. त्याआधीच्या वर्षी याच कंपनीची निविदा बाद झाली होती, कारण तिची गाडी टोरांटोच्या वळणांवर रुळावरून घसरेल असं तपासणीत निघालं होतं. इथली वळणं खरोखरच विचित्र आहेत, जुन्या अरुंद चौकात काटकोनात वळणारी. चढही तीव्र. आणि रूळ तर जगावेगळे. दोन रुळांतलं अंतर १,४९५ मिलिमीटर, म्हणजे सर्वसाधारण रुळांपेक्षा साठ मिलिमीटरने जास्त. त्यामुळे तयार गाडी विकत आणून रुळावर ठेवली असं इथे होतच नाही, इथल्या मापाने शिवून घ्यावी लागते. सुटे भाग मेक्सिकोतल्या साहागुनच्या कारखान्यात, जोडणी ओंटारियोत उत्तरेकडे थंडर बेला; तिकडून आलेले भाग इकडे नीट बसेनात. नमुन्याची गाडी आली तेव्हा अपंग प्रवाशांच्या सल्लागार मंडळींनी बघून सांगितलं की फळीचा उतार फार उभा आहे, खुर्ची मागे कलंडेल. तो बदलावा लागला. शेवटी ३१ ऑगस्ट २०१४ला स्पडायना रस्त्यावर ५१० नंबरच्या मार्गावर पहिल्या दोन गाड्या धावल्या. मग पुन्हा तारखा पुढे. २०१८मध्ये तर आधी दिलेल्यांपैकी ६७ गाड्या वेल्डिंगच्या दुरुस्तीसाठी एकेक करून परत पाठवायच्या ठरल्या. शेवटची, दोनशे चौथी गाडी आली ती २०२०च्या जानेवारीत.

या उशिराबद्दल लोक चिडून बोलत, विनोद करत. मलाही ते विनोद आवडायचे. पण आईचं एकूण वय आणि गुडघ्यांचं वय यांचा हिशेब मांडला की दर सहा महिन्यांनी पुढे जाणारी तारीख विनोदी वाटेनाशी व्हायची. स्पडायनावर नवी गाडी धावतेय आणि आपल्या ५०६वर अजून जुनी. मग आपण काय स्पडायनावर राहायला जायचं?

नवी गाडी पहिल्यांदा जवळून पाहिली तेव्हा मला ती आवडली नाही. लांबलचक, ३० मीटर, पाच डबे अकॉर्डियनसारख्या पडद्यांनी जोडलेले, चेहरा कसलाच भाव नसलेला. जुन्या दोन गाड्यांएवढी एक, त्यामुळे दोन गाड्यांमधली वाट बघणं वाढलं अशी लोकांची रास्त तक्रार आहे. चालक बंद काचेच्या दाराआड. चारही दारांतून कुणीही चढतं, कार्ड टेकवतं, बसतं. चालकाचा चेहरासुद्धा दिसत नाही. पण दारात उभं राहिलं की खाली बघायचं. जमीन. रस्त्यापासून फूट-सव्वा फुटावर सपाट जमीन, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही पायरी नाही.

पायरी गेली कुठे, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला. कारण चाकं तर आहेतच, मोटारी आहेत, ब्रेक आहेत, विजेचं सगळं लटांबर आहे. पूर्वी हे सगळं जमिनीखाली असायचं, म्हणून जमीन उंच आणि म्हणून पायऱ्या. आता विजेची यंत्रणा छपरावर चढवली आहे. पुलावरून खाली जाणारी स्ट्रीटकार पाहिली की तिच्या डोक्यावर पेट्याच पेट्या दिसतात. चाकं मात्र छपरावर नेता येत नाहीत. ती जिथे आहेत तिथे जमीन दोन्ही बाजूंनी आत दबते, मधून अरुंद वाट राहते आणि चाकांवर पेटी करून त्या पेटीवर सीटा बसवल्या आहेत. समोरासमोर, दोन पुढे तोंड केलेल्या, दोन मागे. त्या सीटांवर बसायला चढावं लागतं. म्हणजे पायरी दारातून उठून सीटखाली जाऊन बसली. गाडीत शिरणं सगळ्यांना जमतं, पण रिकामी दिसणारी प्रत्येक सीट सगळ्यांसाठी नसते. संध्याकाळच्या गर्दीत कधी बघा: त्या उंच सीटा रिकाम्या आणि खाली वाटेत म्हातारी माणसं दांड्याला धरून उभी. तरुण पोरं आपली खालच्या सीटवर, कानात गाणी.

तरीही दारातल्या पायरीपेक्षा सीटखालची पायरी बरी. एकीने माणूस गाडीबाहेर राहतो, दुसरीने आत उभा राहतो. यात मला काडीचीही शंका नाही.

२९ डिसेंबर २०१९ला जुन्या गाड्यांचा शेवटचा दिवस होता. क्वीन स्ट्रीटवर त्यांच्या शेवटच्या फेऱ्या, फुकट. मी मुलाला घेऊन गेले. ही गर्दी! तीन तीन पिढ्यांची कुटुंबं, गळ्यात मोठाले कॅमेरे, लाल टोप्या, कुणी खिडकीची काच शेवटची वर-खाली करून बघत होतं. एक आजोबा नातवाला तो जुना दिवा दाखवत होते. मीही फोटो काढले, मुलाला मागच्या दाराच्या पायरीवर उभं करून दार कसं उघडतं ते दाखवलं, आणि घसा थोडा भरून आला तो थंडीने नव्हे. या शहराला या गाड्या मुळात टिकवायला झगडावं लागलं होतं. साठच्या दशकात ठरलंच होतं की १९८०पर्यंत सगळ्या स्ट्रीटकार बंद करायच्या. १९७२मध्ये स्टीव्ह मन्रो वगैरे काही तरुण आणि दोन-चार नगरसेवक एकत्र आले, आकडे मांडले, सभांमध्ये बोलले आणि त्याच नोव्हेंबरमध्ये निर्णय फिरवून घेतला. म्हणून १९७९च्या गाड्या आल्या, म्हणून त्या दिवशी निरोप द्यायला काहीतरी होतं. उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक शहरांनी तोवर रूळ उखडून टाकले होते. त्या गर्दीचा हळवेपणा मला समजतो, मी त्यातलीच होते. पण वॉकर घेऊन निरोप द्यायला आलेलं कुणी मला आठवत नाही. कसं यावं? चढायचं कशावर?

मुंबईने आपल्या ट्रामला ३१ मार्च १९६४च्या रात्री निरोप दिला. बोरीबंदरहून दादरला गेलेली ती शेवटची ट्राम. माझे बाबा तेव्हा कॉलेजात होते. ते आता नाहीत, पण त्यांच्या ट्रामच्या गोष्टी मला तोंडपाठ आहेत. लालबागच्या वळणावर ट्राम हळू झाली की उतरायचं, तिकीट काढायच्या आत. कंडक्टर ओरडायचा, हे पळायचे. डबलडेकर ट्रामच्या वरच्या मजल्यावर पुढे बसून वारा खायचा. दादरला टीटीला उतरून कुणाची तरी वाट बघायची. कुणाची ते आई समोर असली की सांगायचे नाहीत. काही वर्षांपूर्वी हुतात्मा चौकात खोदकाम करताना ट्रामचे जुने रूळ निघाले, तेव्हा त्यांनी मला पेपरातला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला होता आणि खाली नुसतंच लिहिलं होतं, 'आमचे.'

याच ट्रामबद्दल मी एकदा आजीला विचारलं होतं. बाबांच्या आईला. तीही परळलाच राहिलेली, त्याच रस्त्यावर, त्याच ट्रामच्या काळात. मी शाळेत होते, निबंध लिहायचा होता, आणि बाबांच्या गोष्टींसारखंच काहीतरी रसभरीत मिळेल या आशेने वही घेऊन बसले होते. आजी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मी कधी बसले गं ट्रामात? एक पोर कडेवर, एक बोटाला, नेसणं नऊवारी. ती काय धड थांबत होती? मी आपली चालत जायची." निबंधात हे चालणार नव्हतं. मी बाबांचंच लिहिलं आणि बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं.

ट्रामच्या आठवणी मराठीत मी पुष्कळ वाचल्या आहेत. त्यातले सांगणारे बहुतेक सगळे चढता-उतरता येणारे, किंबहुना धावत्या गाडीतून उडी मारता येणारे. आजीसारख्यांकडे सांगायला ट्रामची आठवण नाही, चालण्याची आहे. आणि 'मुंबईची ट्राम' या विषयावर लिहा म्हटल्यावर ती कुणी मागत नाही.

मग स्ट्रीटकार बदलली कशी? नुसतं यंत्र सुधारलं म्हणून नाही. २००५ साली ओंटारियोने कायदा केला की २०२५पर्यंत प्रांत अपंगांसाठी सुगम व्हायला हवा. त्या कायद्यामागे वर्षानुवर्षं अर्ज करणारी, भांडणारी माणसं होती. त्यांतले एक डेव्हिड लेपॉफ्स्की, अंध वकील. गाडीत पुढचा थांबा कोणता ते मोठ्याने सांगा, एवढी त्यांची मागणी. एवढीच. चालकांनी सांगायचं असा नियम असूनही कुणी सांगायचं, कुणी नाही. ते मानवाधिकार न्यायाधिकरणात गेले. २००५ साली भुयारी रेल्वेबाबत जिंकले, मग बस आणि स्ट्रीटकारसाठी पुन्हा गेले, २००७ साली पुन्हा जिंकले. आज प्रत्येक थांब्याआधी जो रेकॉर्ड केलेला आवाज येतो तो त्यांच्यामुळे. मी इथे नवी होते तेव्हा धुकटलेल्या काचेतून बाहेरचं काही दिसायचं नाही आणि त्या आवाजाच्या भरवशावर मी उतरायचे. माझे दोन्ही डोळे शाबूत. एका अंध माणसाच्या दाव्यावर मी कितीतरी हिवाळे फुकट प्रवास केला म्हणा ना.

फळीचंही तेच. तिसऱ्या प्रहरी ५०६मध्ये बसून मोजदाद नव्हे पण नुसतं निरीक्षण करा. फळी क्वचितच बाहेर येते. पण त्या सपाट दारातून बाबागाड्या येतात, चाकांच्या पिशव्या येतात, सुटकेसवाले विद्यार्थी येतात, सायकलवरून पडून पाय प्लास्टरमध्ये घातलेला पोरगा येतो, आठव्या महिन्यातली बाई येते. कुणी कुणाला 'मदत करू का' विचारत नाही. पूर्वी बाबागाडी चढवायची म्हणजे सभाच भरायची. एकाने पुढचं चाक, एकाने मागचं, आई मूल काढून घेतेय, कुणी दार धरलंय. आता बाबागाडी आपोआप आत, आणि आई फोनमध्ये. त्या चार हातांची ओळख पुसली गेली हे खरं आहे. मला त्याची रुखरुख वाटते, आणि आईला विचारलं तर ती म्हणेल, बरं झालं पुसली गेली.

सगळंच काही छान झालेलं नाही. इथे व्हील-ट्रान्स नावाची सेवा आहे. ज्यांना साध्या बसने जाता येत नाही त्यांच्यासाठी दारापासून दारापर्यंत गाडी, १९७५पासून. साध्या गाड्या सपाट होत गेल्या तसं त्या सेवेने नवे निकष आणले: तुम्हाला काही वेळा, काही हवेत, काही मार्गांवर साधी गाडी जमते ना, मग तेवढा तुकडा तिने जा. कागदावर तर्क बिनतोड आहे. पण स्ट्रीटकारची फळी रस्त्यापर्यंत येते. रस्ता ते घर यांच्यामधला बर्फाचा बांध, न झाडलेला फूटपाथ, कोपऱ्यावरचं गोठलेलं डबकं, हे फळीच्या हद्दीत येत नाही. त्या फेब्रुवारीतल्या बाई फळीवर चढल्या ते मी पाहिलं. फळीपर्यंत कशा पोचल्या ते पाहिलं नाही. गाडीची दोन मिनिटं त्या गृहस्थांना मोजता आली, कारण गाडीत घड्याळ आहे, मागे दुसरी गाडी आहे, वेळापत्रक आहे. बाईंची त्याआधीची मिनिटं कुणाच्याच वेळापत्रकात नाहीत.

आई पुन्हा आली तेव्हा ५०६वर नव्या गाड्या आल्या होत्या. मी तिला बरोबर नेऊन सगळं दाखवलं: फळीचं निळं बटण कुठे, कार्ड कुठे टेकवायचं, दार आपोआप उघडलं नाही तर काय करायचं. तिने एखाद्या नव्या सुनेकडे बघावं तसं गाडीकडे बघितलं आणि आत पाऊल टाकलं. कुणी कोपर धरलं नाही. बसायला मात्र तिला त्या पेटीवरच्या सीटपैकी एक मिळाली, मागे तोंड केलेली, आणि जेरार्डपर्यंत ती तोंड कसनुसं करून बसली. "उलटं बसलं की मळमळतं मला. हे कुणी काढलंय डोकं?" पुढच्या खेपेपासून ती दाराजवळची घडीची सीट धरायला शिकली, इतकी की कुणी तरुण तिथे बसलेला दिसला की ती त्याच्याकडे बघत नुसती उभी राहायची. तो उठायचाच. मराठी बाईचं नुसतं बघणं कॅनडातही चालतं.

मग एक दिवस मी कामावरून आले तर घर बंद. फोन घरातच वाजतोय. तासाभराने बाईसाहेब आल्या, हातात मेथी, अळूची पानं आणि कागदात गुंडाळलेलं अर्धं खाल्लेलं कणीस. एकटी गेली होती. मी रागावले, कारण मी घाबरले होते. ती म्हणाली, "अगं, थांबा तो आवाज सांगतो. आणि चढायचं काय त्यात, उंबरठा ओलांडल्यासारखं आहे." उरलेलं कणीस तिने माझ्या हातात दिलं. गार झालं होतं, लिंबू जास्त होतं. तिच्यासाठी हा आनंद होता का विचारलं तर ती म्हणाली असती, 'आनंद कसला, भाजी आणायची होती.'

आता ती मुंबईत आहे. तिकडेही सपाट जमिनीच्या बस धावायला लागल्यात, तिने फोनवर सांगितलं. मी म्हटलं, चला, सोय झाली. "कसली सोय," ती म्हणाली. "बस सपाट असते गं, पण ती उभी राहते रस्त्याच्या मधोमध. कडेला रिक्षा, रिक्षाच्या कडेला भाजीवाला. मी फूटपाथवरून रस्त्यावर उतरायचं, आणि रस्त्यावरून पुन्हा बसमध्ये चढायचं. मग फूटपाथ उंच बांधला कशाला?" हल्ली तिने म्हणे एक युक्ती काढली आहे. बस येताना दिसली की छत्री आडवी धरून रस्त्यात दोन पावलं पुढे जायचं आणि ड्रायव्हरला कडेला घ्यायची खूण करायची. पहिले काही दिवस कुणी जुमानलं नाही. परवा एकाने घेतली, अगदी फूटपाथला चिकटवून. ती सावकाश चढली, तिच्यामागून त्याच थांब्यावर कधीपासून उभ्या असलेल्या शेजारच्या इमारतीतल्या मावशीही चढल्या, काठी आत घेतली, दांडा धरला. एवढ्यात मागे टॅक्सीवाल्यांनी हॉर्नचा गिल्ला सुरू केला होता, बसमधलेही दोघंतिघं "ओ आजी, लवकर" करायला लागले होते.

"मग?" मी विचारलं.

"मग काय," आई म्हणाली, "मी ड्रायव्हरला सांगितलं, वाजवू देत. उद्या पण इथेच लाव."